सुरू होणारा बंब आणि घरी पोचणारा बंब

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावाचं स्वयंसेवी अग्निशमन दल आपला जुना बंब विकायला काढतं. जाहिरातीत हमखास एक व्हिडिओ असतो. कोणीतरी डॅशबोर्डवरचं बटण दाबतो, दोन आचके, थोडा धूर, इंजिन धडधडायला लागतं. मग सायरन. सायरन वाजवल्याशिवाय या लोकांना गाडी विकताच येत नाही. खाली ओळ: ‘इंजिन उत्तम, चाललाय जेमतेम १४,००० मैल.’ आणि मग आपल्यातलाच कोणी न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये बसून विचारतो, ‘सुरू होतोय ना? मग चालवतच आणतो की! ट्रेलरचे पैसे कशाला घालवायचे?’

हा प्रश्न वाचून वाचून डोळे दुखायला लागले आहेत. सुरू होणारा बंब आणि घरी पोचणारा बंब या दोन वेगळ्या गाड्या आहेत. रंग एकच, नंबर प्लेट एकच, म्हणून गफलत होते.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. ज्याने जुनी जीप, बुलेट किंवा फियाट सांभाळली आहे त्याला पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन यांचं गणित नव्याने समजवायला नको. कार्ब्युरेटर धुवा, टाकीतलं शिळं पेट्रोल काढा, पॉइंट्स घासा. उलट बंबाचं इंजिन सुरू होण्याच्या बाबतीत साध्या ट्रकपेक्षा उजवंच असतं, कारण आग लागल्यावर ‘जरा चोक ओढून बघतो’ असं म्हणायची सोय नसते. अमेरिकन लाफ्रान्सच्या व्ही-१२ इंजिनांना तर दुहेरी इग्निशन असायचं, दर सिलिंडरला दोन प्लग. एक संच रुसला तरी दुसऱ्यावर गाडी निघायची. त्यामुळे ‘पहिल्या बटणात सुरू झाला’ हे प्रशस्तिपत्रक बंबाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. तो सुरू होणारच, त्यासाठीच तो बांधलाय.

खरा घोळ त्या १४,००० मैलांत आहे. मोटारीच्या बाबतीत कमी रनिंग म्हणजे कमी झीज, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बंबाला ते लावू नका. त्याचं आयुष्य आठवून बघा: शेडमधून निघाला, दोन-चार मैल पळाला, आगीशी जाऊन उभा राहिला आणि मग तासन् तास जागेवर उभं राहून पंप चालवला. बहुतेक जुन्या पंपरमध्ये, म्हणजे स्वतःचा पंप असलेल्या बंबात, गाडी ओढणारं आणि पंप फिरवणारं इंजिन एकच असतं. गिअरबॉक्सच्या मागे एक ट्रान्सफर केस असते, दांडा ओढला की ताकद मागच्या चाकांकडे न जाता पंपाकडे जाते. म्हणजे इंजिन राबतंय, पण मैलाचा आकडा हलत नाही. जिथे तासांचं मीटर आहे तिथे ते बघा. नसेल तर मैलांवरून इंजिनाचं वय सांगणाऱ्याला हसून सोडून द्या.

आणि याची दुसरी बाजू जास्त घातक आहे. जो भाग मैलांनी झिजतो तो बंबात झिजलेलाच नसतो. तो नुसता पडून पडून म्हातारा झालेला असतो. टायर, ब्रेक, रबरी होज, चाकांची सीलं. वरातीच्या घोड्यासारखा प्रकार आहे: झूल, तुरा, चाल सगळं झकास, पण त्याच्यावर बसून पंढरपूर गाठायचं म्हणालात तर घोडेवालाच हात जोडेल.

थंड राहण्याचंही तसंच. ‘यावर आम्ही तास-तास पंप चालवलाय, कधी तापला नाही,’ असं विकणारा छातीठोकपणे सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. पंप चालू असताना त्यातलंच थोडं पाणी एका जादा कूलरमधून फिरवून इंजिन थंड ठेवायची सोय बऱ्याच बंबांत असते. हायवेवर ऑगस्टच्या उन्हात ते पाणी नसतं. तिथे फक्त रेडिएटर, आणि त्याच्या नळ्या किती वर्षांत कोणी उघडून बघितल्या नाहीत हे देवालाच माहीत.

आता टायर. इथे मात्र सावकाश वाचा.

बंबाचे टायर दिसायला नवे असतात. खाचा खोल, काळेभोर, वर कोणीतरी चकाकी फासलेली. खाचा बघून समाधान मानू नका, गुडघ्यावर बसा आणि टायरच्या बाजूला ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटचे आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, विषय संपला. ही तारीख बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेली असते आणि नेमकी ती बाजू आत आलेली असते, म्हणून टॉर्च घेऊन गाडीखाली शिरावंच लागतं. मागच्या जोड चाकांतला आतला टायर हमखास सगळ्यात जुना, कारण नवा आणला की तो बाहेर दिसेलसा लावायचा, ही रीत साऱ्या जगात एकच आहे.

असा टायर आवारात फेऱ्या मारताना काही करत नाही. ताशी ५० मैलांनी तासभर पळून तापला की आतले थर सुटतात आणि फुटतो. पुढचा फुटला तर आठ-दहा टनांचा बोजा कुठल्या लेनमध्ये जाईल हे तुम्ही ठरवत नाही.

रिमही तपासा. जुन्या २० इंची चाकांवर अनेकदा दोन-तीन तुकड्यांचे रिम असतात. लॉक रिंगवाले आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना ठाऊक आहेत. पण फायरस्टोनचा आरएच-५ हा दोन अर्ध्या भागांचा प्रकार निघाला तर वेगळं प्रकरण आहे. अमेरिकेत या रिमांना ‘विडोमेकर’ म्हणतात. हवा भरताना ते उसळून माणसं गेली आहेत. बरीच दुकानं त्यांना हात लावत नाहीत. म्हणजे वाटेत पंक्चर झालं तर कोणी काढूनही देणार नाही. माझं मत ठाम आहे: असा रिम दिसला की त्याच्या दुरुस्तीचा विचारच करायचा नाही, बदलायचा.

ब्रेकची कथा याच्याच शेजारची. साठच्या दशकापर्यंतच्या हायड्रॉलिक ब्रेकवाल्या बहुतेक बंबांत एकच सर्किट असतं. एक होज फुटला की चारही बाजूंचा ब्रेक गेला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, व्हील सिलिंडर आतून गंजतात. आवारात पेडल दाबलं की गाडी थांबते, कारण वेग चालण्याइतका असतो. पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या लांब उतारावर तेच ऑइल तापून त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल थेट फळीला टेकतं. खंडाळ्याचा जुना घाट ज्याने ट्रकमधून उतरलाय त्याला पुढचं सांगायला नको. हँडब्रेकवर भरवसा ठेवणारे आशावादी लोक मला आवडतात, पण त्यांच्या मागे गाडी चालवायला आवडत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. लायसन्स: अमेरिकेत २६,००० पौंडांच्या वरच्या गाडीला व्यावसायिक परवान्याचा प्रश्न येतो, साधा दोन अ‍ॅक्सलचा जुना पंपर बऱ्याचदा त्याखाली असतो, राज्याचा नियम वाचून घ्या. लाल दिवे आणि सायरन रस्त्यावर वापरायचे नाहीत, झाकून ठेवा. विमा गाडी जागची हलायच्या आधी. पेट्रोल किती पिईल हे विचारू नका, उत्तर ऐकून झोप उडेल.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी एवढंच की आपल्याकडे गोंधळ याच्या आधीच सुरू होतो. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १५ वर्षांवरच्या सरकारी, महापालिकांच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपते आणि त्यांची रवानगी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात होते. म्हणजे लिलावात दिसलेला पालिकेचा बंब ‘गाडी’ म्हणून हाती येईल हे गृहीत धरू नका. २०२१ च्या नियमांतली जुन्या गाड्यांची ‘व्हीए’ नंबर मालिका ५० वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे खरी, पण तो नंबर रोज फिरायला नाही, प्रदर्शन आणि रॅलीसाठी आहे. जुना बंब बघायचाच असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा जॉन मॉरिस आहे, निजामाच्या रेल्वेकडचा. तो जाऊन बघा, पैसे वसूल होतील.

अमेरिकेतल्या मंडळींकडे परत येतो. चालवत आणायचा नाही हे एकदा पटलं की लोक पुढची चूक करतात: टोचन. दोरखंड किंवा बार लावून चारही चाकांवर ओढत आणणं म्हणजे वर सांगितलेले टायर तसेच पळवणं, शिवाय गिअरबॉक्सची वाट. इंजिन बंद आणि मागची चाकं फिरतायत, म्हणजे गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट कोरडा फिरतो, तेल उडवणारे खालचे गिअर स्थिर असतात. पंपाची ट्रान्सफर केसही त्याच वाटेवर आहे. रिकव्हरी ट्रकने पुढची बाजू उचलून न्यायचा असेल तरी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, आधी सोडवायचा. नाहीतर पंप आणि गिअरबॉक्स दोन्ही भंगारात.

निघण्याआधी पाणी काढा. ५०० गॅलनची टाकी म्हणजे जवळपास १,९०० किलो. अर्धवट भरलेली टाकी सगळ्यात वाईट, वळणावर पाणी हेलकावे खातं. थंडीचे दिवस असतील तर टाकीबरोबर पंपाचेही सगळे ड्रेन उघडा. आत राहिलेलं पाणी रात्रीत गोठलं की पंपाच्या ओतीव घराला तडा जातो, आणि त्या तड्याची किंमत ट्रेलरच्या भाड्याहून कितीतरी जास्त असते. घंटा, नोझल, टपावरचा दिवा उतरवून केबिनमध्ये बांधून ठेवा. वाऱ्याने जातात, किंवा पेट्रोल पंपावर कोणी नेतं.

साखळ्या अ‍ॅक्सलला किंवा चॅसीला, मडगार्डवरून पट्टे टाकणाऱ्याला आवारातूनच परत पाठवा. १०,००० पौंडांवरच्या गाडीला किमान चार बांधण्या हा तिथला केंद्रीय नियमच आहे. विंच लावायचा तो टो-हुकला, चकचकीत बंपरला नव्हे.

आणि उंची. पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत रस्त्यावर कमाल उंची साडेतेरा फूट. बंब टपापर्यंत साडेनऊ फूट धरा. साध्या फ्लॅटबेडचा, म्हणजे सपाट उघड्या ट्रेलरचा, पाटा पाच फुटांवर असतो: साडेचौदा झाले, पहिल्याच पुलाखाली टप गेला. पायरीसारखा खाली उतरणाऱ्या स्टेप-डेकचा पाटा साधारण साडेतीन फुटांवर: तेरा, कसाबसा बसतो. लो-बॉय, म्हणजे अगदी खाली बसलेला ट्रेलर, दोन फुटांच्या आसपास, निवांत. मागे झुकून जमिनीला टेकणारा लँडोल ट्रेलर मिळाला तर चढवायचं कामही सोपं. म्हणून ट्रेलरवाल्याला फोन करण्याआधी टेप घेऊन सर्वात उंच बिंदूपर्यंतची उंची स्वतः मोजा, विकणाऱ्याच्या अंदाजावर जाऊ नका. मग पाट्याची उंची विचारा. ‘कुठलाही फ्लॅटबेड चालेल, काळजी नको,’ असं उत्तर आलं तर आभार माना आणि दुसरा नंबर फिरवा.