विमा परवाना नाकारणे

विमा परवाना नाकारणे : विमा विकण्यासाठी, त्यात मध्यस्थी करण्यासाठी किंवा विमा कंपनी चालवण्यासाठी केलेला अर्ज सक्षम अधिकाऱ्याने कारणे नोंदवून फेटाळणे. भारतात याचा आधार १९३८ चा विमा अधिनियम आहे. त्याची अंमलबजावणी हैदराबाद येथे मुख्यालय असलेले भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण करते. हे प्राधिकरण १९९९ च्या कायद्याने वैधानिक झाले. १९३८ चा कायदा मुळात ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बडोदे संस्थान (आजचे वडोदरा) त्याबाहेर होते; ते १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे आजच्या वडोदऱ्यातल्या अर्जदाराला देशभर लागू असलेलेच नियम लागू होतात.

नकार नेमका कोण देतो याबद्दल गैरसमज फार आहे. वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातले जुने मराठी एजंट अजूनही ‘लायसन’ म्हणतात आणि ते एकेकाळी बरोबरही होते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर मात्र व्यक्तिगत एजंटाला प्राधिकरण परवाना देत नाही. विमा कंपनीच त्याची नेमणूक करते आणि तिचा पदनिर्देशित अधिकारी अर्ज मंजूर किंवा नामंजूर करतो. प्राधिकरणाकडे थेट जातात ते विमा कंपनी, ब्रोकर (ग्राहकाच्या वतीने विमा मिळवून देणारा), कॉर्पोरेट एजंट (विमा विकणारी बँकेसारखी संस्था) आणि सर्व्हेयर (नुकसानीची पाहणी करणारा) यांचे अर्ज. म्हणून एखाद्याला ‘कोड’ (एजंट क्रमांक) मिळाला नाही तर दोष हैदराबादचा नसतो. तरीही कंपनीला मनमानी करता येत नाही, कारण अपात्रतेची कारणे कायद्यानेच ठरवलेली आहेत.

ती कारणे कलम ४२ मध्ये आहेत. अर्जदार अज्ञान (अठरा वर्षांखालील) असणे किंवा सक्षम न्यायालयाने त्याला मनोविकल ठरवलेले असणे ही पहिली दोन. अपहार, विश्वासघात, फसवणूक किंवा बनावट दस्तऐवज या गुन्ह्यांत, त्यांच्या प्रयत्नात किंवा त्यांना चिथावणी दिल्याबद्दल दोषी ठरलेल्याला एजन्सी मिळत नाही. शिक्षा संपून पाच वर्षे झाल्यावर हा अडसर दूर होऊ शकतो. विमा पॉलिसीसंबंधी न्यायालयीन कामकाजात किंवा कंपनीच्या चौकशीत विमेदाराविरुद्ध अथवा कंपनीविरुद्ध लबाडी केल्याचे, किंवा तिच्यात जाणूनबुजून सामील झाल्याचे निष्पन्न झाले असेल तर तेही कारण पुरेसे आहे. शिक्षण, प्रशिक्षण वा परीक्षा अपुरी असणे आणि आचारसंहितेचा भंग ही उरलेली. यादीत गरिबी, कर्ज किंवा अनुभव नसणे कुठेच येत नाही. कायद्याचा सगळा रोख एकाच प्रश्नावर आहे : या माणसाच्या हाती दुसऱ्याचा हप्ता द्यावा का?

शिक्षणाची अट काळानुसार सैल होत गेली. २००० च्या विनियमांत पाच हजार किंवा त्याहून जास्त वस्तीच्या ठिकाणी राहणाऱ्याला बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक होते, लहान गावात दहावी चाले. त्यामुळे वडोदरा शहरातल्या अर्जदाराला जे शिक्षण लागे ते जिल्ह्यातल्या छोट्या खेड्यात लागत नसे. आता सर्वत्र दहावी पुरते. शंभर तासांचे प्रशिक्षण आधी पन्नास आणि पुढे पंचवीस तासांवर आले. परीक्षा मराठीत आणि गुजरातीतही देता येते. ही सोय वडोदऱ्यात महत्त्वाची आहे, कारण इथल्या मराठी घरांत घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असे नेहमी घडते. परीक्षेत नापास होणे हा अर्थातच कायमचा नकार नव्हे.

कायद्यात नसलेले पण प्रत्यक्षात खूप अर्ज अडवणारे कारण म्हणजे नावातली तफावत. गुजरातच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पॅनवर शेवटी. लग्नानंतर मुलीचे पहिले नावही बदलण्याची मराठी रीत असल्याने दहावीची गुणपत्रिका एका नावाची आणि आधार दुसऱ्याच नावाचे, असे सासुरवाशिणीच्या अर्जात हमखास दिसते. हा काही अपराध नव्हे. विवाह प्रमाणपत्र, शपथपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी जोडली की प्रश्न सुटतो. पण अर्ज परत आलेली बाई ‘मला नाकारलं’ असे समजून पुन्हा फिरकत नाही. हा तोटा तिचा आणि कंपनीचाही.

दुसरी अडचण दुहेरी एजन्सीची. सध्याच्या व्यवस्थेत एका व्यक्तीला एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण आणि एक आरोग्य विमा कंपनी यांचेच काम घेता येते. पीकविम्यासारखा एकच प्रकार करणाऱ्या कंपन्या वेगळ्या धरतात. जुन्या आयुर्विमा कंपनीचे काम रीतसर न सोडता दुसरीकडे अर्ज केला तर पॅन क्रमांकावरून ते लगेच कळते. काळ्या यादीतल्या एजंटांची नावेही याच तपासणीत सापडतात.

वडोदऱ्यात आणखी एक गुंता आहे. प्रतापनगरला पश्चिम रेल्वेचे विभागीय कार्यालय असल्याने रेल्वेत नोकरी करणारी मराठी कुटुंबे इथे बरीच आहेत, आणि एजन्सी पत्नीच्या नावावर घेण्याची पद्धतही जुनी. विमा कायदा अशा पत्नीचा अर्ज नाकारत नाही. मात्र रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ नुसार कर्मचाऱ्याने कुटुंबीयाच्या विमा एजन्सीसाठी ग्राहक मिळवत फिरणे हा नियमभंग ठरतो. थोडक्यात, एजन्सी पत्नीची असेल तर सोसायटीच्या बैठकीत पॉलिसी समजावून सांगायचे कामही तिनेच करायचे.

ब्रोकर आणि कॉर्पोरेट एजंट यांच्याबाबत प्राधिकरणाची नजर जास्त कडक असते. थेट विमा ब्रोकरकडे किमान ७५ लाख रुपये भांडवल हवे, फेरविमा (विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीचा काढलेला विमा) ब्रोकरकडे चार कोटी आणि दोन्ही कामे करणाऱ्याकडे पाच कोटी. पैसे दाखवले म्हणजे झाले असे नाही. ते कुठून आले हेही सांगावे लागते. प्रमुख अधिकाऱ्याकडे ठरलेली पात्रता नसणे, प्रवर्तकांचे हितसंबंध एकमेकांत अडकलेले असणे, माहिती दडवणे या कारणांनी अर्ज पडतो. इथे ‘योग्य आणि पात्र’ हा निकष लागतो आणि तो कलम ४२ पेक्षा बराच रुंद आहे. एजंटाला गुन्ह्याच्या कारणावरून नाकारायचे तर न्यायालयाने दोषी ठरवलेले असावे लागते, नुसत्या एफआयआरने तो कायद्याने अपात्र होत नाही. ब्रोकर कंपनीच्या संचालकावर खटला चालू असेल तर प्राधिकरण त्याचाही विचार करू शकते. हा रुंदपणा काहींना जाचक वाटतो. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर तो गरजेचा आहे.

विमा कंपनीची नोंदणी ही याहून वरची पायरी. आयुर्विमा, सर्वसाधारण किंवा आरोग्य विमा करायचा तर शंभर कोटी आणि फेरविम्यासाठी दोनशे कोटी रुपये वसूल भांडवल, हा उंबरठा १९९९ नंतर ठरला. १९५६ मध्ये आयुर्विमा आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी सर्वसाधारण विमा सरकारी झाल्यामुळे मधल्या काळात खासगी अर्जाला जागाच नव्हती. नव्या नोंदण्या ऑक्टोबर २००० पासून झाल्या. भांडवलाखेरीज व्यवस्थापनाची सचोटी, धंद्याचा अंदाज, मिळकतीची शक्यता आणि लोकहित तपासले जाते. चालू कंपनीच्या नावाशी फसवे साम्य असलेले नावही नोंदवले जात नाही.

बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढली. देशातल्या आरंभीच्या सहकारी पतसंस्थांत तिची गणना होते. परस्पर मदतीची ही परंपरा इथल्या मराठी समाजाच्या भिशीत आणि मदतनिधीत दिसते. पण सभासदांकडून ठरावीक वर्गणी घेऊन मृत्यूनंतर ठरावीक रक्कम देण्याची हमी दिली की तो विमा होतो, आणि नोंदणीवाचून तो धंदा करता येत नाही. सहकारी संस्थेला विमा कंपनी होण्याची मुभा कायद्यात आहे, भांडवलाची अट मात्र तितकीच मोठी. असा मदतनिधी चालवणाऱ्या मंडळाच्या कार्यकारिणीने वर्गणी आणि हमी यांतला हा फरक ठराव लिहितानाच पाहावा.

नोंदणी मिळाल्यावरही निकष सुटत नाही. सहारा इंडिया लाइफ या आयुर्विमा कंपनीवर २०१७ मध्ये प्रशासक नेमला गेला आणि २०२३ मध्ये तिच्या पॉलिसी एसबीआय लाइफकडे सोपवण्याचा आदेश प्राधिकरणाने दिला.

नकार लेखी आणि कारणासह द्यावा लागतो. एजंटाला कंपनीच्याच अपिलीय अधिकाऱ्याकडे फेरविचार मागता येतो. कंपनीची नोंदणी नाकारली गेली तर मुंबईच्या रोखे अपील न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत जाता येते; २०१५ पूर्वी हे अपील केंद्र सरकारकडे होत असे. नेमणूक नसताना एजंट म्हणून काम करणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, तर नियम मोडून एजंट नेमणाऱ्या कंपनीला एक कोटीपर्यंत.