शेवटचं कार्ड इतकं महाग का पडतं?

गेल्या रविवारी ठाण्याला ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवणं उरकली, टेबल पुसलं गेलं आणि भाचीने त्यावर धुतलेला टॉवेल अंथरून कुरिअरने आलेलं खोकं ठेवलं. पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून कॅमेरा सुरू केला. आत कोरियन बँडचा नवा अल्बम होता. बँडमध्ये सात मुलं. आधी वरचं प्लास्टिक ब्लेडने हळूच कापलं, मग पुठ्ठ्याचं आवरण सरकवलं, मग फोटोंचं जाड पुस्तक निघालं, मग पोस्टर, मग स्टिकर. सगळ्यात खाली, पुठ्ठ्याच्या खाचेत, सीडी. तिच्याकडे भाचीने पाहिलंही नाही. घरात सीडी लावायला यंत्रच नाही. ती पुस्तकाची पानं एकेक उलटत होती, कारण कुठल्यातरी पानात डेबिट कार्डाएवढं एक फोटोकार्ड होतं. सातांपैकी एकाचं. कोणाचं, ते खोकं फोडेपर्यंत कळत नाही.

“परत हाच, मामा!” तोच चेहरा तिसऱ्यांदा आला होता.

भावोजींचं म्हणणं, हा सगळा रंगांचा खेळ आहे. गुलाबी-जांभळं दिसलं की मुली भुलतात. ‘लाल रंगाने भूक लागते, निळ्याने विश्वास वाटतो’ अशी वाक्यं आपण सगळेच ऐकत आलोय, पण माणसाचं वागणं इतक्या सरळ नियमाने रंगाला बांधलेलं नाही. या खोक्याची खरी करामत छपाईत नाही, संभाव्यतेच्या गणितात आहे. संख्याशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि इतकं सुंदर उदाहरण जेवणाच्या टेबलावर क्वचितच मिळतं.

आधी थोडं मागे जाऊ. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन ते पाच मिनिटांचंच संगीत मावायचं. मोठी रचना असली की पाच-सहा तबकड्या लागायच्या आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या बांधणीत एकत्र मिळायच्या. ‘अल्बम’ हे नाव तिथून आलं. बांधणी बहुतेक साधी, एकरंगी, वर फक्त नाव. १९४०च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने मुखपृष्ठावर चित्रं आणली. त्यानंतर एल.पी.चं, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकडीचं, साधारण ३१ सेंटिमीटरचं चौकोनी आवरण दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून गिऱ्हाइकाला बोलावू लागलं. पुढे कॅसेटने ते तळहाताएवढं केलं, सीडीने पुन्हा थोडं वाढवलं आणि फोनने नखाएवढं. गाणं फोनवर मिळतंच, तर खोक्यात काय विकायचं? फोनवर मिळत नाही ते: हातात धरायची वस्तू आणि तिच्याबद्दलची अनिश्चितता. २०२२मध्ये बीटीएस या कोरियन बँडमधल्या जे-होपचा एक अल्बम तर अशाही रूपात आला, की त्यात सीडी नव्हतीच. क्यूआर कोड आणि कार्डं होती.

आता अनिश्चिततेकडे मेंदू कसा पाहतो ते बघू. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे, म्हणजे डोपामिन या रसायनातून निरोप देणाऱ्या पेशींचे, संदेश मोजले. अचानक रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात पेटायच्या. रसाआधी दर वेळी दिवा लावला, की काही दिवसांनी त्या दिव्यालाच पेटायच्या, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची क्रिया नेहमीपेक्षा खाली जायची. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. २००३च्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. रस मिळेल की नाही हे अनिश्चित असताना, वाट पाहण्याच्या काळातही काही पेशींची क्रिया हळूहळू चढत जायची, आणि शक्यता निम्मी-निम्मी असताना ती सर्वांत जास्त असायची. प्लास्टिक, आवरण, पुस्तक, पानं हे थर एकामागून एक का रचलेत, त्याचा अंदाज यातून बांधता येतो. अंदाजच; माकडाचा रस आणि मुलीचं कार्ड एक नव्हे. ‘डोपामिन डिटॉक्स’चे, म्हणजे मजेच्या सवयी तोडून मेंदू ताळ्यावर आणायचे, कोर्स विकणारे हा फरक गिळून टाकतात, म्हणून त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं.

आता माझ्या आवडीचा भाग. सातही कार्डं जमवायला सरासरी किती अल्बम घ्यावे लागतील? प्रत्येक कार्ड येण्याची शक्यता सारखीच आहे असं धरू. बहुतेक जण सात म्हणतात, सावध माणूस दहा म्हणतो. उत्तर आहे अठराच्या थोडं वर.

ल्युडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. सहा पडायची शक्यता एक-षष्ठांश, म्हणून सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो. शक्यता उलटी केली की सरासरी मिळते. आता कार्डं बघा. पहिल्या अल्बममधलं कार्ड नवंच असणार: १ अल्बम. त्यानंतर सातांपैकी सहा नवी, म्हणजे पुढचं नवं कार्ड मिळायला सरासरी सात भागिले सहा, १.१७ अल्बम. मग १.४, मग १.७५, मग २.३३. दोन कार्डं उरली असताना त्यांतलं एक मिळायला ३.५. आणि एकच उरलं की पूर्ण ७. बेरीज १८.१५. पहिली चार कार्डं सव्वापाच अल्बममध्ये येतात. शेवटची दोन एकटीच साडेदहा खातात. निम्म्याहून जास्त खर्च शेवटच्या दोन चेहऱ्यांवर!

या बेरजेतून सात हा सामाईक गुणक बाहेर काढला, की आत एक, एक-द्वितीयांश, एक-तृतीयांश अशी एक-सप्तमांशपर्यंतची हरात्मक श्रेणी उरते. ही श्रेणी फार हळू वाढते. पदं दुप्पट केली, की बेरजेत साधारण ०.६९ची भर पडते; तरीही ती कुठल्याच संख्येपाशी कायमची थांबत नाही. पण बाहेरचा गुणक कार्डांच्या संख्येइतका असतो, आणि खरी गंमत तिथे होते. अल्बम चार मुखपृष्ठांत काढला आणि प्रत्येकात सात वेगळी कार्डं ठेवली, की कार्डं झाली अठ्ठावीस. मुखपृष्ठही निवडता येत नसेल, तर अल्बम लागतात सरासरी ११०. कार्डं चौपट, खरेदी सहापट.

भाचीला मात्र सगळे नकोत, एकच हवा. चाहत्यांच्या भाषेत तिचा ‘बायस’. त्याचं कार्ड मिळायला सरासरी सात अल्बम. पण सात घेऊनही ते न मिळण्याची शक्यता सहा-सप्तमांशाचा सातवा घात, म्हणजे ३४ टक्के. तिघींतली एक सात खोकी फोडूनही रिकाम्या हाताने उठते.

“तीनदा हाच आला, आता तरी माझा येईल,” ती म्हणाली. आधी काय आलं ते खोक्याला ठाऊक नसतं. तिच्या मैत्रिणींत गुरुवारी खोकं फोडायची आणि मागच्या पानापासून सुरुवात करायची पद्धत आहे. कार्ड कोरियातल्या कारखान्यात कधीच आत पडलंय. ठाण्यातला मुहूर्त ते बदलू शकत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. १९४८मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे दिले. पक्षी काहीही करो, दाणे येणारच. तरी एक कबुतर गोल गिरक्या घेऊ लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. या वागण्याचा अर्थ नंतरच्या संशोधकांनी वेगळाही लावला, पण ते वर्णन वाचताना मला गुरुवारची ती खोकीच आठवतात.

मग मी तिला एक हिशेब मांडून दिला. सात मैत्रिणी, प्रत्येकीचा बायस वेगळा. प्रत्येकीने एकटीने घेत राहायचं तर सरासरी ४९ अल्बम. सगळ्यांची कार्डं एका ढिगात टाकली, तर सातही चेहरे दिसेपर्यंत अठराच. आमच्या लहानपणी नौपाड्यात बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं आम्ही अशीच जमवायचो. माझ्याकडे कपिल देव पाच होते. दोन डबल दिले आणि गावसकर घेतला.

शनिवारी ट्रान्स-हार्बरच्या लोकलने आम्ही वाशीला गेलो. मॉलच्या फूड कोर्टात दोन टेबलं जोडून पंधरा-वीस मुलं-मुली बसली होती. समोर कार्डांचे बाइंडर उघडे, प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या कप्प्यात. कुणी कार्ड तिरकं धरून कोपरे तपासत होतं, कुणी पृष्ठभागावर ओरखडा शोधत होतं. नेरूळच्या एका मुलीला नेमका तोच चेहरा हवा होता, जो भाचीकडे तीनदा आला होता. पाच मिनिटांत अदलाबदल झाली. भाचीने फोनचं कव्हर काढलं, कार्ड आत सरकवलं, कव्हर परत बसवलं आणि सानपाडा येईपर्यंत फोन उलटाच धरून बसली.