पाणी नेमकं कुठे अडतं?

बेसिनखालचा जोड गळायला लागला की हात आपोआप पान्याकडे जातो. अजून थोडं आवळलं की थांबेल, असं वाटतं. कधी थांबतंही. पण बऱ्याचदा दोन दिवसांनी तीच टपटप सुरू होते, आणि आधीपेक्षा जोरात. माझ्या हातून असाच एक प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा काटकोनी जोड, तडकला आहे. तेव्हापासून पाना उचलण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या जोडात पाणी नेमकं कुठे अडायला हवं?

आधी पाण्याचा जोर पाहू. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. अर्ध्या इंची पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे सव्वा चौरस सेंटिमीटर, म्हणजे सगळा रेटा सव्वा किलोचा. एवढा तर अंगठ्यानंही थोपवता येतो. म्हणजे गळती होते ती ताकद कमी पडल्यामुळे नव्हे, तर कुठेतरी फट उरल्यामुळे. आरशासारखं चकाकणारं पितळही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखं दिसतं. दोन कठीण पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की शिखरं शिखरांना टेकतात आणि दऱ्या मोकळ्याच राहतात. पाण्याला तेवढी वाट पुरते. म्हणून जोडात काहीतरी मऊ लागतं, जे त्या दऱ्यांत जाऊन बसेल.

आट्यांच्या जोडात ही वाट फार लांब असते. अर्ध्या इंची आट्यांचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात सुमारे २१ मिलिमीटर असतो. (अर्धा इंच हे नाव जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलं.) दर इंचाला १४ आटे, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये साडेपाच वेढे. पाण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर ही फूटभराहून लांब गोल जिन्यासारखी गल्ली आहे. ती बुजवायला पूर्वी आट्यांवर तागाचे धागे गुंडाळत. ओले झाले की ते फुगतात आणि वाट बंद होते. आता ते काम पांढरी टेफ्लॉन टेप करते.

टेफ्लॉनचा शोध १९३८ साली अपघातानंच लागला. ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट शीतकरणाच्या वायूंवर काम करत होते. एका सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन तर भरलेल्या सिलिंडरएवढंच. सिलिंडर कापला, तर आत मेणासारखी पांढरी भुकटी. या पदार्थाला जवळपास काहीच चिकटत नाही. मग तो गळती कशी थांबवतो? तर गोंदासारखा नव्हे. घर्षण कमी झाल्यामुळे आटे आणखी खोल जातात, आणि चेपलेली टेप उरलेल्या फटींत पसरते. म्हणून ती आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, ताणून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर फिरवताना सुटून बाहेर येते. आणि आवळल्यावर जोड सरळ दिसावा म्हणून थोडा मागे फिरवलात, तर चेपलेली टेप परत फुगत नाही. तिथेच गळती सुरू होते. अशा वेळी सगळं सोडून नवी टेप लावावी लागते, दुसरा इलाज नाही.

पण ही टेप सगळीकडे चालत नाही. अँगल कॉकपासून (भिंतीतून पाणी बाहेर येतं तिथला छोटा कॉक) बेसिनच्या नळाकडे जाणारा लवचिक कनेक्शन पाइप घ्या. त्याच्या नटमध्ये रबराचा चपटा वॉशर असतो. इथे पाणी अडवतो तो वॉशर. आटे फक्त त्याला दाबून धरतात, त्यांच्यापर्यंत पाणी पोचायलाच नको. तरीही गळती झाली की लोक याच आट्यांवर टेपचे वेढे चढवत राहतात, आणि खरा दोषी आत तसाच पडून असतो. रबर दाबलं तरी त्याचं आकारमान जवळजवळ कमी होत नाही, ते बाजूला सरकतं आणि खाचाखोचा भरतं. हातानं घट्ट करून पान्यानं पाव वळसा दिला की पुरतं. त्यापुढे गेलात की वॉशर कडेतून बाहेर पिळवटतो आणि कापला जातो. जुना वॉशर नखानं दाबून पाहा. खळगा पडून तसाच राहिला, किंवा नख रुतलंच नाही, तर त्याची लवचिकता संपली आहे.

प्लास्टिक पाइपचा चिकटवलेला जोड वेगळाच. चिकटवायच्या सोल्युशनमधलं सॉल्व्हेंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतं, रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि सॉल्व्हेंट उडून गेल्यावर पाइप आणि सॉकेट (पाइप ज्यात घुसतो ते जोडाचं तोंड) एकजीव होतात. पाइप ओला असेल तर हे नीट घडत नाही. म्हणूनच गळणाऱ्या जोडावर बाहेरून सोल्युशन फासण्यात अर्थ नाही. तो कापून नवा घालायचा. सॉकेट आत निमुळता असतो आणि पाइपला बाहेर ढकलतो, म्हणून घातल्यावर अर्धा मिनिट धरून ठेवायचा.

गळती कुठून होते हे मात्र डोळ्यांवर सोडू नका. पाणी पाइपला चिकटून खालच्या अंगानं वाहत जातं आणि थेंब पडतो भलतीकडेच. मी सगळे जोड फडक्यानं कोरडे करतो आणि प्रत्येकाभोवती टिश्यू पेपरचा तुकडा गुंडाळतो. पहिला ओला ठिपका सगळ्यात वरच्या ज्या तुकड्यावर उमटतो, तो जोड दोषी.

काही जोड दुरुस्त करूनही वरचेवर गळतात. तिथे नळ बंद करताना पाइपात ठक्क असा आवाज येतो का, ते ऐका. वाहतं पाणी एकदम अडलं की दाबाची लाट मागे धावते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८मध्ये मॉस्कोच्या पाइपलाइनवर याचे प्रयोग केले. धातूच्या पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी क्षणात थांबवलं, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला १२-१३ किलोंनी उसळू शकतो. रोज असे दणके खाणारा जोड हळूहळू सैल होणारच. नळ सावकाश बंद करणं हीसुद्धा तिथे दुरुस्तीच आहे.

काम झाल्यावर मुख्य कॉक हळूहळू उघडा, हवा निघू द्या आणि जोडांभोवती पुन्हा कोरडा कागद गुंडाळा. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला ४ लिटरच्या वर पाणी जातं, त्यामुळे नुसता ओलसरपणाही सोडू नका. गरम पाण्याची लाइन असेल तर एकदा गरम पाणी सोडून पाहाच. प्लास्टिक पितळेच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावतं, आणि गार पाण्याला तग धरणारा जोड इथे उघडा पडतो. पाइप पुन्हा गार झाला की कागद तपासा. तो कोरडा निघाला, की मगच खालची बादली उचला.