शिडाची बोट थरथरते तेव्हा

शिडाच्या बोटीत इंजिन असतं ते बंदरातून आत-बाहेर करायला आणि वारा पडला की परतायला. सहसा दोन-तीन सिलिंडरचं लहानसं डिझेल. पायाखालची फळी थरथरू लागली की संशय इंजिनावर जातो आणि ते खोललं जातं. ही घाई मला पटत नाही. मोटरबोटीत नसलेली एक सोय इथे आहे: इंजिन बंद ठेवूनही पंखा, म्हणजे बोटीला पुढे ढकलणारा पाण्याखालचा प्रोपेलर, फिरवून बघता येतो.

आधी गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवा. तेव्हाच हादरे बसले तर दोष इंजिनात किंवा ते ज्यावर बसवलेलं असतं त्या रबरी फाउंडेशनमध्ये. डिझेल-ऑइल झिरपून हे रबर मऊ पडतं. न्यूट्रलला शांत आणि गिअर टाकताच थरथर, तर शाफ्ट (इंजिनाचा जोर पंख्यापर्यंत नेणारा दांडा) आणि पंखा तपासायचा. मग शिडं चढवा, इंजिन बंद करा आणि, गिअरबॉक्सच्या कंपनीने मना केलं नसेल तर, पाण्याच्या ओघाने पंखा मोकळा फिरू द्या. तरीही तीच घरघर आली तर सिलिंडर खोलायची गरज नाही.

आवाज आला नाही म्हणून मात्र पंखा निर्दोष ठरला असं नाही, कारण तो आता सावकाश फिरतोय. असमतोलाचं बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर असेल आणि गिअरबॉक्स वेग निम्मा करत असेल, तर पंखा सेकंदाला २० फेऱ्या घेतो. एकाच पात्यावर, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर, ५० ग्रॅम बार्नॅकल (बोटीला चिकटून वाढणारे कठीण कवचाचे सागरी जीव) चिकटले असतील तर शाफ्ट जवळजवळ १२ किलो वजनाइतक्या जोराने बाजूला ओढला जातो, आणि ही ओढ प्रत्येक फेरीत सगळ्या दिशांनी फिरून येते. वेग निम्मा केला की तीच ओढ ३ किलोवर येते. मुंबई-गोव्याच्या कोमट पाण्यात उभ्या बोटीवर बार्नॅकल फार लवकर धरतात, शिवाय जाळ्याचा दोर पंख्यात अडकणं नित्याचंच. म्हणून पाना हातात घेण्याआधी कुणीतरी बुडी मारून पाती खरवडावीत, आणि शाफ्ट हाताने हलवून त्याला आधार देणारा रबरी बुश झिजलाय का तेही बघावं.

एवढं करूनही थरथर राहिली तर इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का ते बघायचं. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट काढा, त्याच्या दोन्ही चकत्या जेमतेम टेकवा आणि फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) त्यांच्यातली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजा. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीला साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. आता इंजिनाकडची चकती स्थिर ठेवून शाफ्ट पाव फेरी फिरवा. मोठी फट शाफ्टबरोबर सरकली तर शाफ्ट वाकलाय किंवा त्याची चकती तिरकी आहे. फट जागच्या जागी राहिली तर इंजिनच तिरकं बसलंय आणि फाउंडेशनचे नट फिरवून ते सरळ करता येईल. हे माप बोट पाण्यात असतानाच घ्यावं. किनाऱ्यावर टेकूंवर ठेवलेल्या बोटीचा सांगाडा किंचित वाकतो, आणि तिथे बिनचूक जुळवलेली रेष पाण्यात उतरल्यावर पुन्हा बिघडते.