धागा जुळला म्हणजे लॉक बोल्ट बसला?

‘धागा जुळला की कुठलाही लॉक बोल्ट चालतो’ हे गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं. (लॉक बोल्ट म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावतात तो, खास चावीनेच उघडणारा बोल्ट.) हे अर्धंच खरं आहे. एम १४ × १.५ चा (१४ मिमी जाड, दर फेऱ्याला १.५ मिमी आत जाणारा) बोल्ट हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, सुरळीत फिरेल, पण चाक धरून ठेवतो तो बोल्टच्या डोक्याखालचा बसण्याचा भाग. मूळ चाकाला तो गोलसर असू शकतो, तर बाजारातल्या बऱ्याच अलॉय चाकांना ६० अंशांचा शंकू लागतो. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत कडेवरच टेकतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला आवाज करणारा पाना) ‘कट्’ म्हणतो, आपण निश्चिंत होतो आणि बोल्ट सैल होत जातो.

लांबीचंही तसंच. १५ मिमीचा साधा स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) घातला तर बोल्टही १५ मिमी लांब हवा, चारही साधे आणि लॉकचाही! (लॉकचाच विसरतात.) एम १४ ला निदान १४ मिमी धागा आत हवा, म्हणजे हाताने नऊएक पूर्ण फेरे मोजायचे. उगाच जास्त लांब घेतला तर मागे ब्रेकच्या भागांना घासू शकतो.

हबला स्वतःच्या बोल्टांनी आवळला जाणारा स्पेसर असेल, तर चाकाला सहसा मूळ लांबीच पुरते.