मीडिया आणि कल्चरल स्टडीजमधली पीएचडी: हा विषय आपल्याकडं आला कुठून

पीएचडीचे फॉर्म निघाले की मला एक-दोन फोन हमखास येतात. यावेळी फोन केला होता एका मुलीनं, तिला भीमगीतांच्या कॅसेटवर काम करायचंय. कॅसेट कोण काढायचं, त्या जयंतीला कुठल्या स्टॉलवर विकल्या जायच्या, एकाची कॉपी करून दहा घरांत कशी पोचायची, आणि आता तीच गाणी युट्यूबवर गेल्यावर नेमकं काय बदललं, असा सगळा तिचा विषय. एमए मास कॉममधून, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पण त्यातच. एका विभागात तिला सांगितलं की हा संगीताचा विषय आहे, दुसरीकडं म्हणाले समाजशास्त्राचा, तिसरीकडं म्हणाले विषय छान आहे पण यात मीडिया कुठंय. पोरगी रडकुंडीला आली होती. तिला जे सांगत बसले तेच जरा नीट लावून इथं लिहितेय, कारण हे असं टोलवणं आजचं नाही, त्याला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि तो माहीत असला की निदान चूक आपली नाही एवढं तरी कळतं.

आपल्याकडं माध्यमांवरचं संशोधन म्हटलं की लोक थेट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठापासून सुरुवात करतात. मी पुणे आकाशवाणीपासून करते. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला, त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांमधली साधारण दीडशे गावं घेतली आणि प्रत्येक गावात एक रेडिओ मंच उभा केला. कल्पना मूळची कॅनडाची, तिकडं शेतकऱ्यांचे असे मंच १९४१ पासून चालू होते. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. गावातली पंधरा-वीस माणसं रेडिओभोवती बसणार, ऐकणार, मग सेट बंद करून त्यावर बोलणार, आणि मंचाचा चिटणीस जे काय ठरलं ते आणि लोकांना पडलेले प्रश्न लिहून पुण्याला पाठवणार. शेती, आरोग्य, शिक्षण, गावचा कारभार असे विषय.

या प्रयोगाचं मूल्यमापन केलं मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनं म्हणजे आपल्या टिसनं, आणि ते काम बघत होते पॉल न्यूरॅथ. हा माणूस व्हिएन्नाचा, तत्त्वज्ञ ऑटो न्यूरॅथ यांचा मुलगा, डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून जिवंत सुटून अमेरिकेला गेला, कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्रात पीएचडी केली. कोलंबियात तेव्हा लाझार्सफेल्ड होते, ते पण व्हिएन्नाचेच, ज्यांनी रेडिओ ऐकणाऱ्यांची पाहणी कशी करायची याचं शास्त्रच बसवलं होतं. ते शास्त्र घेऊन न्यूरॅथ आपल्या खेड्यांत फिरले, मंच असलेली गावं आणि नसलेली गावं अशी तुलना केली, कार्यक्रमांच्या आधी लोकांना काय माहीत होतं आणि नंतर काय, हे मोजलं. आकाशवाणीचे जगदीशचंद्र माथुर आणि न्यूरॅथ यांचा अहवाल युनेस्कोनं १९५९ मध्ये छापला आणि त्याच वर्षी असे मंच देशभर करायचं ठरलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण माध्यम-संशोधन म्हणजे काय याची आपल्याकडची पहिली ठोस व्याख्या इथं तयार झाली: सरकारला काहीतरी सांगायचंय, ते लोकांपर्यंत पोचलं का, आणि पोचलं तर लोक बदलले का.

त्या अहवालात गावकरी चर्चेत उत्साहानं भाग घेतायत हे सगळं आहे. पण माणसं मराठीत जे बोलली ते इंग्रजी अहवालात तक्ते आणि उतारे होऊन आलं. हे पुढं लागणारे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पोचलं का हा प्रश्न पुढं साइटमध्ये, म्हणजे उपग्रहावरून खेड्यांत शैक्षणिक टीव्ही दाखवण्याच्या प्रयोगात, मोठा होऊन आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, नासाचा एटीएस-६ उपग्रह, इस्रोची तयारी, सहा राज्यांतली २४०० गावं आणि तिथं थेट टीव्ही. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. साइटमध्ये आकडेवारीच्या पाहण्या तर झाल्याच पण मानववंशशास्त्राची माणसं गावात जाऊन राहिली पण, आणि त्यातून विकास-संवाद नावाची शाखा पत्रकारितेच्या विभागांमध्ये घट्ट बसली. आजही मास कॉमच्या विभागात सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा टाकला की ‘सँपल साइझ किती’ हा प्रश्न आधी येतो तो या घराण्यातून येतो. चुकीचा प्रश्न नाहीये तो. फक्त कॅसेटच्या विषयाला तो पुरत नाही.

आता बर्मिंगहॅम. १९६४ मध्ये रिचर्ड हॉगर्ट यांनी तिथल्या विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं म्हणजे कल्चरल स्टडीजचं केंद्र काढलं, पेंग्विन प्रकाशनाचे अ‍ॅलन लेन यांनी पैसे दिले. हॉगर्ट आधी हल नावाच्या शहरात प्रौढशिक्षणाच्या वर्गांत शिकवायचे, म्हणजे दिवसभर काम करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या माणसांना, आणि या विषयाची मुळं खरं तर त्या संध्याकाळच्या वर्गांत आहेत. १९६८ पासून केंद्र स्टुअर्ट हॉल यांच्याकडं आलं. हॉल जमैकाचे, र्‍होड्स स्कॉलरशिपवर १९५१ ला ऑक्सफर्डला आलेले, तिथं हेन्री जेम्सवर पीएचडी सुरू केली आणि अर्धवट सोडून दिली. ज्या माणसाच्या नावावर आज जगभर पीएचडी होतात त्याची स्वतःची पीएचडी नव्हती, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते, धीर येतो. त्या केंद्रात विद्यार्थी एकेकटे खोलीत बसून लिहीत नसत, गट करून वाचायचे, आणि काम अर्धं झालेलं असलं तरी सायक्लोस्टाइल करून वाटायचे. १९७३ मध्ये हॉल यांनी टीव्हीबद्दल जे मांडलं ते थोडक्यात असं की संदेश पाठवणारा एक अर्थ घालतो, पण बघणारा आपल्या जागेवरून, आपल्या परिस्थितीतून तो उलगडतो, कधी मान्य करतो, कधी थोडा वाकवतो, कधी सरळ उलटा लावतो. म्हणजे पोचलं का एवढ्यावर प्रश्न संपतच नाही, पोचल्यावर लोकांनी त्याचं काय केलं हा खरा प्रश्न. एवढं सगळं करून २००२ मध्ये विद्यापीठानं तो विभाग बंद केला, कारण संशोधनाच्या सरकारी मूल्यांकनात गुण कमी पडले.

गंमत बघा, ज्या १९६४ मध्ये बर्मिंगहॅमचं केंद्र निघालं त्याच वर्षी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग सुरू झाला, त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, आणि त्याच वर्षी टिसला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे वर्तमानपत्र एका इमारतीत, सिनेमा दुसऱ्या इमारतीत, समाज दुसऱ्याच शहरात. लोककला तर या तिन्हीत नाही, ती मराठी विभागात. ही वाटणी कुणी मुद्दाम केली नाही पण त्या भिंती अजून तशाच आहेत, आणि माझ्या फोनवरच्या मुलीला ज्या तीन दारांतून परत पाठवलं ती दारं याच भिंतींतली.

भिंती ओलांडायला लागल्या त्या १९८७ नंतर. त्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, टीव्हीला हार घालायचे, आणि हे बघताना पोचलं का विचारणाऱ्या पद्धतीला हे मापताच येईना. मग उपग्रह वाहिन्या आल्या. बंगळूरला नव्वदच्या दशकात संस्कृती-अभ्यासाचं सीएससीएस हे केंद्र निघालं, तेजस्विनी निरंजना, आशिष राजाध्यक्ष वगैरे मंडळी तिथं होती. कोलकात्यात जादवपूरला फिल्म स्टडीजचा स्वतंत्र विभाग झाला. मुंबईत टिसमध्ये अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी दृक्-श्राव्य माध्यमाचं जे युनिट वर्षानुवर्षं चालवलं होतं त्यातून २००७ मध्ये मीडिया अँड कल्चरल स्टडीजचं एमए आलं आणि २०१२ मध्ये त्या नावाचं स्कूल झालं. फिल्म बनवणं आणि त्यावर विचार करणं ही दोन कामं वेगळी नाहीत असं ते धरून चालले. २००१ मध्ये त्यांनीच नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांना घेऊन ‘साचा’ ही फिल्म केली होती. गिरणगाव, कविता, चित्र, कामगार चळवळ, सगळं एकत्र, आणि कुणी विचारलं नाही की यात मीडिया कुठंय.

पण माझ्या मते आपल्या मातीतला खरा धागा शर्मिला रेगे यांचा आहे आणि तो मीडियाच्या विभागातून आलाच नाही, पुणे विद्यापीठाच्या समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यासातून आला. त्यांनी लावणीकडं शृंगार किंवा कलेचा ठेवा असं न बघता त्या बाईची जात, तिचे श्रम आणि तिच्यावर कुणाचा ताबा होता असं विचारलं. सत्यशोधक जलसे (गाणी-नाट्यातून विचार मांडणारे कार्यक्रम) आणि गणेश मेळे शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं की ज्याला आपण ‘लोकप्रिय’ म्हणतो ती भांडणाची जागा असते, तिथं कोण कुणाला गप्प करतंय ते गाण्यात ऐकू येतं. १९३० च्या दशकातला भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा हा पण मीडियाच होता की, गावोगाव फिरणारा. तिथून भीमगीतांच्या कॅसेटपर्यंत रस्ता सरळ येतो, मध्ये बर्मिंगहॅमला जायची गरज पडत नाही. रेगे २०१३ मध्ये फार लवकर गेल्या. आज त्या असत्या तर हा फोन मी थेट त्यांच्याकडंच वळवला असता.

नियमांचा भाग पटकन सांगते कारण त्याचाही इतिहासच आहे. २००९ च्या यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क सक्तीचं केलं, थीसिसची सॉफ्ट कॉपी द्यायची पद्धत आणली, त्यामुळं शोधगंगा या थीसिसच्या ऑनलाइन साठ्यावर आज इतकं वाचायला मिळतं. २०१६ मध्ये एका गाईडकडं किती विद्यार्थी याची पदानुसार मर्यादा ठरली, प्रोफेसरकडं आठ, असोसिएटकडं सहा, असिस्टंटकडं चार, आणि जिथं विभागातच दोन-तीन माणसं तिथं जागा निघणार कशा. २०२२ च्या नियमांनी एमफिल बंद केलं. मला हे फार लागलंय, कारण नवीन विषयात चाचपडायला ती दोन वर्षं होती, आता मुलं एमएवरून थेट उडी मारतात. २०२४ पासून पीएचडीच्या प्रवेशासाठी पण नेटचा स्कोअर धरतात, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) नसेल तर नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३०. जेआरएफ असेल तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, नसेल तर केंद्रीय विद्यापीठांत नॉन-नेट फेलोशिपचे ८,०००. तेवढे पण बंद करायला निघाले होते म्हणून ऑक्टोबर २०१५ मध्ये पोरं दिल्लीत यूजीसीच्या दारात बसली होती. आपल्याकडं बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, त्यांच्यासाठी पण मुलांना उपोषणं करावी लागली आहेत. पाच वर्षं घरचं भाडं कसं भरायचं हे ठरल्याशिवाय विषय ठरत नाही, हे कुठल्याच कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत.

त्या मुलीनं मला तिच्या कॅसेटच्या खोक्याचे फोटो पाठवले. एका कव्हरवर बॉलपेननं गाण्यांची यादी लिहिलीये, दोन गाणी खोडून वर दुसरी रेकॉर्ड केलीत, कडेला कुणाच्या तरी मुलाचं नाव आणि बारशाची तारीख. गाणी, घर आणि हिशेब सगळं त्या तळहाताएवढ्या पट्टीत. तिनं आता स्त्री-अभ्यासाच्या एका विभागात अर्ज केलाय, तिथल्या मॅडमकडं एक जागा रिकामी होतेय. थीसिस इंग्रजीत लिहावा लागेल, मुलाखती सगळ्या मराठीत होणार. मी तिला म्हटलंय की मुलाखती जशाच्या तशा, त्यांच्याच बोलीत उतरवून परिशिष्टात टाक, दोनशे पानं वाढली तरी वाढू देत. सिनॉप्सिसमध्येच ते लिहून ठेव, म्हणजे नंतर कुणी काढायला सांगणार नाही.