होज क्लॅम्प (गाडीची कूलिंग सिस्टिम)

रबरी होज (लवचिक पाइप) जिथे धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीवर चढवतात तिथे तिला चारी बाजूंनी आवळून धरणारी गोल पट्टी म्हणजे होज क्लॅम्प. गॅरेजमधे हिला होज क्लिप, नुसतं क्लिप, नाहीतर जुबली क्लिप म्हणतात. जुबली हे खरं तर ब्रँडचं नाव, ब्रिटिश नौदलातले कमांडर लम्ले रॉबिन्सन यांनी १९२१ मधे या स्क्रूवाल्या क्लिपचं पेटंट घेतलं, आणि नाव इतकं रुळलं की आता कुठल्याही कंपनीची क्लिप जुबलीच.

रेडिएटरची वरची होज, खालची होज, हीटरच्या दोन बारीक होज, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, सगळं धरलं तर एका गाडीत आठ-दहा क्लॅम्प सहज असतात आणि त्यातला एक जरी ढिला पडला तरी इंजिन तापून हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या सीलवर, जाऊ शकतं.

आता लोकांना वाटतं की क्लॅम्पचं काम म्हणजे प्रेशर सहन करणं. प्रेशर तसं फार नसतं, रेडिएटरच्या कॅपवर बहुतेक ०.९ किंवा १.१ बार छापलेलं असतं, म्हणजे टायरमधल्या हवेच्या साधारण निम्मं. खरा त्रास गरम-थंड होण्याचा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ९०-१०० अंशांवर गेला की रबर फुगतं आणि पट्टीवर दाबतं, पट्टी काही सैल होत नाही त्यामुळे रबर तिथल्या तिथे चेपतं, आणि रात्री गाडी थंड झाली की ते चेपलेलं रबर आकसतं पण पट्टी आहे तेवढीच राहते, मग बारीक फट पडते. म्हणूनच काही गाड्यांखाली सकाळी चार थेंब दिसतात आणि गाडी तापली की गळती गायब. मेकॅनिकला दाखवायला नेईपर्यंत सगळं कोरडं, फक्त होजच्या तोंडाशी कूलंट वाळून पांढरट-हिरवी खपली धरलेली दिसते. ती खपली नखाने खरवडून बघावी, गळती नेमकी कुठून होते ते तीच सांगते.

याच कारणासाठी बऱ्याच कंपन्या नवीन गाडीत स्प्रिंग क्लॅम्प बसवतात, तो दोन कानांचा, पक्कडीने दाबला की उघडणारा. रबर फुगलं की तो पसरतो, आकसलं की मागोमाग आवळतो, स्क्रू नाही त्यामुळे कोणी जास्त पिळूही शकत नाही. दिसायला किरकोळ वाटतो म्हणून आपल्याकडे होज बदलताना सर्रास भंगारात टाकतात आणि त्याजागी "मजबूत" म्हणून स्क्रूवाली क्लिप लावतात. हे चुकीचं आहे. गंजलेला किंवा ताण गेलेला नसेल तर तोच परत लावावा, होज जुनीच असेल तर तिच्यावर आधीच्या खाचेतच बसवावा, आणि बदलायचाच तर त्याच साइजचा घ्यावा, साइज बहुतेक वेळा कानावर कोरलेला असतो.

स्क्रूवाली क्लिप घ्यायचीच असेल तर पट्टी नीट बघून घ्या. स्वस्त क्लिपच्या पट्टीला आरपार चिरा असतात, त्यात स्क्रूचे आटे अडकतात, पण आवळल्यावर त्याच चिरांतून रबर वर येतं. जुन्या होजवरून अशी क्लिप काढली तर रबरावर शिडीसारखे वळ उठलेले असतात, आणि काही ठिकाणी कापलेलंसुद्धा. आरपार न कापता फक्त खाचा उमटवलेली, कडा वळवलेली पट्टी रबराला खूप सोसते. सिलिकॉन होज अजून मऊ, तिला चिरांची पट्टी लावूच नये.

धातूचा खुणेचा कोड असतो. डब्ल्यू१ म्हणजे सगळंच झिंक चढवलेलं लोखंड, डब्ल्यू२ मधे पट्टी स्टेनलेस पण स्क्रू लोखंडी, डब्ल्यू४ पूर्ण स्टेनलेस. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ गाडी राहत असेल तर डब्ल्यू४ च घ्या, कारण डब्ल्यू२ ची पट्टी चकचकीत राहते आणि स्क्रू मात्र गंजून जाम होतो, मग ऐनवेळी कापूनच काढावी लागते.

साइज होजच्या आतल्या नाही तर बाहेरच्या व्यासावर ठरतो, तोही होज नळीवर चढवल्यावर मोजलेला. क्लिपवर २५-४०, ३२-५० असे मिलिमीटरमधे आकडे असतात, आपलं माप मधोमध येईल ती घ्यावी. ३५ ची होज असेल तर २५-४० चालते, पण ३२-५० घेतली तर ती जवळजवळ पूर्ण आवळलेली राहते, गोल न बसता अंडाकृती होते, आणि स्क्रूच्या घराखाली दाब कमी पडून तिथूनच पाझरतं, शिवाय बाहेर आलेलं पट्टीचं शेपूट हात कापतं ते वेगळं.

नळीच्या तोंडाशी एक उंचवटा असतो. क्लॅम्प त्याच्यावर नाही, त्याच्या पलीकडे, उंचवटा आणि होजची कड यांच्यामधे बसला पाहिजे, कडेपासून ३-५ मिलिमीटर आत. आजकाल रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, जोर लावून पिळलं तर नळीचं तोंडच तडकतं आणि दोनशे रुपयांच्या कामात रेडिएटर बदलावा लागतो. म्हणून स्क्रूड्रायव्हरपेक्षा ७ मिलिमीटरचा बॉक्स पाना बरा, तो घसरत नाही, आणि हाताला अंदाज राहतो. रबर पट्टीच्या कडेने फुगून वर यायला लागलं की थांबायचं. एक क्लिप गळते म्हणून शेजारी दुसरी लावतात, तसं करू नये, आधी होज काढून नळीवरचा गंज आणि खपली पॉलिश पेपरने साफ करावी.

स्क्रूवाली क्लिप लावल्यावर गाडी एकदा पूर्ण तापवून, मग रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी परत तपासावी, ढिली वाटली तर पाव फेरा आवळावी.